तिसऱ्या पाट्यावरची रेघ

टेबलावर ठेवलेला हात तिने आधी ओळखला, बाई मागाहून. एक्स-रेच्या खोलीत दिवसाला साठ-सत्तर माणसं येतात आणि त्यांतल्या बहुतेकांची तोंडं ती पाहतच नाही. पाहायचा असतो तो घोटा, खांदा, बरगडी. हात असा वळवा, बोटं सैल सोडा, हलू नका, झालं, पुढचे या. पण या हाताच्या तर्जनीच्या नखावर एक आडवी पांढुरकी खाच होती. शिवणयंत्राची सुई नखातून आरपार गेली की अशी खाच कायमची राहते. ती सुई गेली त्या दुपारी पक्कड धरून ती बाहेर ओढली होती तिनेच. उजेडाचा चौकोन मनगटावर आणता आणता ती थांबली. वर पाहिलं. समोर तिची थोरली जाऊ बसली होती. केस पार पांढरे झालेले, कपाळावर ग्रीसचा काळा फराटा, आणि चेहऱ्यावर दुखण्याचं नाव नाही.

"श्वास धरायचा का गं?" थोरलीने विचारलं, जणू कालच संध्याकाळी भेटल्या होत्या.

"हाताच्या फोटोला श्वास धरत नाहीत, वहिनी."

"मग तू कशाला धरलायस?"

धाकटी काचेच्या आडोशामागे गेली आणि बटण दाबलं. अकरा वर्षं. मधे फक्त एकदा, सासूबाई गेल्या तेव्हा, दोघी एका खोलीत होत्या. पण तेव्हा दोन भाऊ खोलीच्या दोन टोकांना उभे होते आणि आपापल्या नवऱ्याच्या टोकाला उभं राहायचं हे न सांगता ठरलेलं होतं. पडद्यावर मनगट उमटलं. आठ लहान हाडं, नदीकाठच्या खड्यांसारखी एकमेकांना टेकलेली. ती एकेक करून पाहत गेली. मोडलंय की नाही हे सांगणं डॉक्टरांचं काम, तिचं नव्हे. पण सव्वीस वर्षं ती रोज मोडलेली हाडं बघत होती, आणि केसाइतकी चीरसुद्धा तिच्या नजरेला आधी टोचायची, मग दिसायची. इथे काही टोचत नव्हतं.

"मोडलेलं नाही," ती म्हणाली. "मुरगळलंय. कशानं झालं?"

"डब्याखाली होते. पाना सटकला."

डबा! तिला घाबरल्यासारखं झालं, पण ती भीती नव्हती. शाळेत असताना भरलेल्या वर्गात कुणी बाहेरून खिडकीवर टकटक करून बोलवावं तसं. डबा म्हणजे दोघा भावांनी मिळून घेतलेलं, गाडीमागे जोडून न्यायचं फिरतं घर. पांढरा ट्रेलर, दोन चाकांचा, आत चार पलंग, एक ओटा, बशीएवढं बेसिन. तीन सुट्ट्या त्यांनी त्यात काढल्या होत्या, दोन्ही घरांनी मिळून. तिसऱ्या सुट्टीवरून परतताना जे झालं, त्यानंतर डबा थोरल्या दिरांच्या अंगणात उभा होता तो उभाच.

"अजून आहे तो?"

"जाईल कुठे? डाव्या अंगाला कलला आहे, बस्स. चाकावरच्या पाट्यांची कमान बसलीय. मी ठरवलंय, यंदा तो रस्त्यावर आणायचा." थोरली दुखरा हात छातीशी धरून उठली. "तुझे भावोजी दोन वर्षं झाली घरी बसलेत. खिडकीत खुर्ची, खुर्चीत ते. त्यांना त्यातून नेणार. नाही आले तर एकटी जाईन. मला एकसष्टावं लागलं, अजून कुणाची वाट बघू? पण आता हा हात असा. तुझे दोन आहेत ना धड?"

बाहेरून कुणीतरी दार ठोठावलं. पुढचा माणूस. "तीन वाजता सुटते मी," धाकटी म्हणाली, आणि मग तिला कळलं की आपण हो म्हणालो.

तीन वाजेपर्यंतची माणसं कशी गेली ते तिला कळलंच नाही. एका म्हाताऱ्याला तिने डाव्याऐवजी उजवा गुडघा ठेवायला सांगितलं आणि तो म्हणाला, बाई, हा चांगला आहे. तिला हसू आवरेना. नवऱ्याला तिने फोनवर जादा पाळी आहे म्हणून सांगितलं. खोटं बोलण्याचं तिला वाईट वाटायला हवं होतं; वाटलं ते असं, की एकोणपन्नासाव्या वर्षी आपण कुठेतरी पळून निघालो आहोत आणि अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. बसमध्ये तिला उभं राहावं लागलं. बस प्रत्येक खड्ड्यावर खाली बसायची आणि वर यायची, आणि ती आयुष्यात पहिल्यांदा पायांखालच्या जमिनीखाली काय असेल याचा विचार करत होती. इतकी माणसं, इतकं लोखंड, आणि ते सगळं कशाच्या तरी पाठीवर. कुणीतरी खाली वाकतंय आणि सरळ होतंय. कुणी पाहत नाही.

अंगणात डबा खरंच कलला होता. एका पायावर भार टाकून उभ्या असलेल्या माणसासारखा. पांढऱ्या रंगावर हिरवट शेवाळ चढलं होतं, पण खिडक्यांचे पडदे नवे होते; थोरली गाड्यांची सीट कव्हरं शिवायची, आणि दुकान चार गॅरेजांच्या मधे असल्यामुळे पान्यांची आणि बोल्टांची नावं तिला धाग्यांच्या नंबरांसारखी पाठ होती. घराच्या खिडकीत थोरले दीर बसले होते. धाकटीने नमस्कारासाठी हात अर्धा उचलला. त्यांनी वर्तमानपत्र उचललं.

"त्यांचं सोड," थोरली म्हणाली. "हे खोके अंथर आणि आत शिर. मी सांगते तसं कर. आणि माझ्या आधी हुशारी करू नकोस."

उजव्या चाकाला मागून-पुढून ठोकळे लावले. जॅकने डावं अंग उचललं, लोखंडी तिवया चौकटीखाली सरकवल्या, डबा त्यांच्यावर बसवला, चाक काढलं. मग ती पाठीवर पडून आत सरकली आणि थांबली. डब्याचं पोट तिच्या नाकापासून हातभर वर होतं. गंज, जुनी माती, कोळ्यांची घरं, आणि ग्रीसचा जड, गोडसर वास. या पोटाच्या वर तिची मुलगी झोपली होती, नऊ वर्षांची, तोंड उघडं टाकून. याच्यावर तिने कांदे चिरले होते, दात घासले होते, एका पावसाळी दुपारी नवऱ्याशी अगदी हळू आवाजात, कारण पलीकडच्या पलंगावर दीर झोपले होते, खूप वेळ काहीबाही बोलली होती. तीन सुट्ट्या ती या घरात राहिली आणि ते कशावर उभं आहे हे तिने एकदाही वाकून पाहिलं नव्हतं. आणि ते इतकं साधं होतं! धनुष्यासारखे वाकवलेले पोलादी पाटे, एकावर एक चार. सगळ्यात लांब वर, मग आखूड, मग आणखी आखूड. पुढचं टोक बोल्टाने चौकटीला बांधलेलं. मागचं टोक एका झुलत्या कडीत, कारण पाटा दबला की लांबतो आणि त्याला हलायला जागा लागते. मधोमध सगळे पाटे आसाला आवळून धरणारे दोन यू-बोल्ट. बस. एवढंच. तिला कुणीतरी गुपित सांगितल्यासारखं वाटलं.

"काय झालं? अडकलीस?"

"नाही. बघतेय."

"बघायला तिकीट आहे. तेल मार नटांवर."

गंज सोडवणारं तेल मारून त्या थांबल्या, पुन्हा मारलं, पुन्हा थांबल्या. मग तिने पान्याच्या दांड्यावर पाइपचा तुकडा चढवला, दोन्ही टाचा रोवल्या आणि ओढलं. काहीच नाही. पुन्हा ओढलं. दंडातून, खांद्यातून, पाठीतून जोर लावत गेली, डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि एकदम एक कर्कश किंचाळी फुटली, लोखंडाची, आणि नट पाव फेरा फिरला. "निघाला!" ती ओरडली. "निघाला?" थोरली बाहेरून ओरडली. "निघाला, निघाला!" दोघी अशा आरडत होत्या की खिडकीतलं वर्तमानपत्र खाली आलं. धाकटीच्या तोंडावर गंजाची पूड पडली होती, जिभेवर लोखंडाची चव होती, आणि ती हसत होती. कधी हसली होती ती असं, उताणी पडून? उरलेले तीन नट तिने असे काढले की थोरलीला म्हणावं लागलं, अगं हळू, डबा पळून नाही चाललाय.

पाट्यांचा जुडगा खाली आला तेव्हा दोघींनी तो खोक्यावर ओढून बाहेर घेतला. थोरलीचं म्हणणं होतं की टोकांची बुशं, भोकांतल्या त्या पितळी नळ्या, झिजलीत, ती बदलली की झालं. बुशं झिजली होतीच. एकेका भोकातून करंगळी जात होती. पण धाकटी पाट्यांकडे पाहत होती. तिने फडक्याने पहिला पुसला, दुसरा पुसला. तिसऱ्यावर, मधल्या बोल्टापासून चार बोटांवर, जिथे यू-बोल्टांनी आवळलेल्या पट्टीमुळे बाहेरून काही दिसणं शक्यच नव्हतं, तिथे तिच्या नजरेला काहीतरी टोचलं. मग दिसलं. गंजातच, पण गंजापेक्षा थोडी गडद, एक रेघ. तिने त्यावरून नख फिरवलं. नख अडकलं.

"वहिनी. हा मोडलाय."

"कुठे?"

"इथे. पार आरपार." तिने पेचकस घालून जरा उचकटलं आणि पाट्याचं टोक पावाच्या तुकड्यासारखं हातात आलं. तुटलेल्या तोंडाकडे दोघी पाहत राहिल्या. अर्धा भाग काळा, गुळगुळीत. अर्धा खरखरीत, दाणेदार, साखर सांडल्यासारखा.

आणि तिला तो उतार आठवला. आठवला म्हणणंही बरोबर नाही, तो कायम तिथेच होता, अकरा वर्षं, दाराआड उभा. तिसरी सुट्टी संपवून परतत होते. थोरले दीर चालवत होते, शेजारी तिचा नवरा, मागे दोघी जावा आणि दोन पोरं. लांबलचक उतार लागला. आधी काही नाही, मग आरशात डब्याची पांढरी कड एकदा डावीकडे दिसली, मग उजवीकडे, मग डावीकडे, पण जास्त. डब्याने शेपूट हलवायला सुरुवात केली होती. नवरा ओरडला, ब्रेक नको, दादा, ब्रेक नको! दिरांनी ब्रेक दाबला. पुढचं तिला चित्रासारखं दिसतं, आवाज नसलेलं. झाडं आडवी फिरतात, मुलीचं डोकं तिच्या मांडीत, आपल्याच हाताची पांढरी पडलेली बोटं. गाडी उलट्या तोंडाने थांबली, डब्याचं एक चाक गटाराच्या काठावर. कुणाला ओरखडासुद्धा नाही. आणि मग रस्त्याच्या मधोमध दोन भाऊ. दीर म्हणाले, मागे वजन भरलंस म्हणून हलला तो! मी? मी वजन भरलं? वेग कुणाचा होता? वजन कळतं का तुला? गाडी कळते का तुला? नवरा वजनकाट्यावर कारकून. ट्रक नुसता पाहून तो किती टनांचा ते सांगणारा. सुट्टीला निघताना घरातला लहान काटा घेऊन त्याने एकेक पिशवी मोजून ठेवली होती, पुढे किती, आसावर किती, मागे किती, कागदावर लिहून. आणि दीर शहराच्या बसचे ड्रायव्हर. एकोणीस वर्षांत एक आरसासुद्धा न फोडलेले. दोघांनी एकमेकांना नेमकं तेच म्हटलं होतं जे सोसण्यासारखं नव्हतं.

आणि ती गप्प उभी होती. तिला माहीत होतं.

"वहिनी," ती म्हणाली. तुटका तुकडा अजून तिच्या हातात होता. "मागच्या पलंगाखाली मी गोटे भरले होते. नदीतले. निघायच्या दिवशी सकाळी, सगळे नाश्ता करत होते तेव्हा. एवढे एवढे, अठरा. आमच्या लिंबाच्या झाडाला आळं करायला. याने मोजून झाल्यावर भरले. वर गादी टाकली. घरी आल्यावर धुण्याच्या पिशव्यांतून उतरवले, आणि हा इतका चिडलेला होता की वजन त्याच्या लक्षातच आलं नाही. याच्या! अजून आहेत ते, आळ्याला. रोज पाणी घालते मी."

थोरलीने जवळची बादली उपडी केली आणि तिच्यावर बसली. तिचा चेहरा वेडावाकडा व्हायला लागला, आणि धाकटीला वाटलं, आता ही रडणार, किंवा मला हाकलून देणार.

"माझं मशीन होतं," थोरली म्हणाली.

"काय?"

"शिवणाचं मशीन, दुकानातलं. बिडाचं. पंचवीस सीटांची ऑर्डर परतल्या परतल्या द्यायची होती, म्हटलं तिथे दुपारच्या वेळी शिवून काढीन. सुट्टीत काम आणलं म्हणून हे चिडले असते. ब्लँकेटात गुंडाळून मागे ठेवलं, बेसिनखालच्या कपाटात. एक टाकासुद्धा घातला नाही त्यावर. नेलं तसं आणलं." तिने चांगल्या हाताने तोंड झाकलं. "अकरा वर्षं मला वाटतंय, माझ्या मशीननं दोघा भावांना तोडलं."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मग जे सुरू झालं त्याला हसणं म्हणायचं की काय, ते धाकटीला सांगता आलं नसतं. पोटात कळ आली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला गेली तर गालभर ग्रीस. थोरली बादलीवरून घसरून खोक्यावर बसली आणि दुखरा हात वर धरून म्हणत राहिली, हसवू नकोस गं, दुखतंय, हसवू नकोस. पण हसता हसता धाकटीच्या मनात एक बारीक नजर जागी होती, रोजची, फोटो बघणारी. पाटा मोडलाय हे दिसतंय. कशाने मोडला ते दिसत नाही. पाटा मोडला म्हणून डबा हलला, की आमच्या ओझ्याने पाटा मोडला? फोटोत हाड मोडलेलं दिसतं. माणूस पडला की कुणी ढकललं, ते नाही दिसत.

पाटेवाल्याचं दुकान दुसऱ्या दिवशी दुपारी गाठलं. उभ्या भट्टीशेजारी एक रुंद, बुटका माणूस, जन्मभर घण मारून कानाने कमी झालेला, त्यामुळे जे बोलेल ते ओरडून. त्याने तुकडा उजेडाला धरला. "हे काळं, गुळगुळीत आहे ना? ही चीर आधीची. महिनोन्महिने हळूहळू आत जात होती. हे खरखरीत आहे ते एका दणक्यात गेलं!"

"दणका कशाचा?" धाकटीने त्याच्याच पट्टीत विचारलं. "वजनाचा की वेगाचा?"

"ते पाटा नाही सांगत, बाई! चीर असलेला पाटा एक दिवस जायचाच. त्या दिवशी नसता गेला तर पुढच्या वळणावर!" त्याने तुकडा भंगारात टाकला. धाकटीला तो परत उचलून घ्यावासा वाटला आणि तिने उचललाही. पाटेवाल्याने नवलाने पाहिलं. "दोन्ही बाजूंचे बदला! एका बाजूचा नवा नि एका बाजूचा जुना, असं चालत नाही. जोडीनंच बदलायचे! बहिणी का तुम्ही?"

"जावा!" थोरली ओरडली.

"मग बरोबर!" तो म्हणाला. काय बरोबर ते त्याने सांगितलं नाही, आणि रस्ताभर दोघी तेवढ्यावरच हसत राहिल्या.

पुढचे तीन दिवस धाकटी अशा तऱ्हेने जगली की कामावरची मुलगी तिला म्हणाली, बाई, तुमचं काहीतरी चाललंय. चाललंच होतं. जेवताना तिला आस दिसायचा, झोपताना झुलती कडी. नव्या पाट्यांचा काळा रंग, नवी पितळी बुशं, त्यांच्या बोल्टांतून ग्रीस आत सोडायची बारीक तोटी. ग्रीसची पिचकारी दाबली की क्षणभर काही होत नाही, मग बुशाच्या कडेने तपकिरी, चकचकीत कडं हळूच बाहेर येतं, आणि ते बघताना तिला इतकं समाधान व्हायचं की ती उगाचच आणखी एकदा दाबायची. "पुरे," थोरली म्हणायची, "ग्रीस आहे ते, लोणी नाही." नवे यू-बोल्ट लावले. नट आवळायचे ते तिरपे, एक या कोपऱ्यातला, मग समोरचा, थोडे थोडे, म्हणजे पट्टी सरळ बसते. थोरलीने गॅरेजमधून एक लांब पाना मागून आणला होता. हवं तेवढं घट्ट झालं की तो टक् करून सांगायचा. त्या आवाजासाठी धाकटी कान लावून ओढायची. टक्. पुढचा. टक्. घरी नवऱ्याशेजारी बसून ती टीव्ही बघायची आणि तिच्या नखांच्या कडेला राहिलेलं काळं त्याला दिसेल या भीतीने हात मांडीखाली ठेवायची. तो काही विचारायचा नाही. तो हल्ली फार काही विचारायचाच नाही. दादा म्हणायला माणूस उरला नाही तेव्हापासून त्याच्या बोलण्यातून काहीतरी गळून गेलं होतं, एखादं अक्षर गळावं तसं. हे तिला माहीत होतं आणि ती लिंबाला पाणी घालत होती.

सांगायला हवं हे दोघींनाही कळत होतं. पण थोरली म्हणायची, आधी डबा सरळ चालू दे. धाकटीलाही तेच वाटत होतं का? वाटत होतं की तो सरळ चालला तरच आपण बोलू शकू. पुन्हा शेपूट हलवली तर काय तोंडाने बोलायचं? तिसऱ्या दिवशी उजव्या अंगाचं काम चालू असताना खिडकीतली खुर्ची रिकामी दिसली. मग बुटांचे आवाज, आणि धाकटीच्या डोक्यापासून दीड फुटावर दोन बूट येऊन थांबले. एक लाकडी पाचर खाली ठेवली गेली, चाकाशी.

"त्यांना सांग," थोरले दीर बायकोला म्हणाले, "नुसत्या जॅकवर विसंबू नका म्हणावं."

धाकटी डब्याखालून म्हणाली, "वहिनी, भावोजींना सांगा, तिवया लावल्यात."

"तिवया लावल्यात म्हणतेय," थोरली म्हणाली.

"ऐकलं." बूट थोडा वेळ तिथेच राहिले. एका बुटाची टाच जरा उचलली गेली, जणू वाकून बघायचं मनात होतं. मग ते गेले.

रविवारी सकाळी डबा अंगणात सरळ उभा होता. थोरलीने टेपने दोन्ही बाजू मोजल्या, जमिनीपासून चौकटीपर्यंत. बोटभराचाही फरक नाही. माल पोचवायच्या तिच्या व्हॅनला तो जोडला, साखळी अडकवली, मागचे दिवे तपासले. थोरलीचं मनगट अजून पट्टीत. म्हणजे चालवायचं धाकटीने. तिने जन्मात कधी मागे काही जोडून चालवलं नव्हतं.

"रुंद वळायचं," थोरली शेजारी बसत म्हणाली. "आणि हलायला लागला तर ब्रेक नाही मारायचा. पाय उचलायचा, स्टिअरिंग धरून ठेवायचं."

"माहीत आहे," धाकटी म्हणाली. ब्रेक नको, दादा. तिला ते कधीचं माहीत होतं.

गल्लीतून बाहेर पडताना तिला घाम फुटला. मग मोठा रस्ता, मग घरं मागे पडली, आणि दोन्ही आरशांत दोन पांढऱ्या कडा, सारख्या, शांत. व्हॅनची मागची बाजू जड होती, पण ओझ्यासारखी नाही. कुणीतरी पाठीवर हात ठेवून चालावं तशी. रस्त्यावर जोड आला की आधी व्हॅन हलायची, मग एका क्षणाने डबा. खालून एक मऊ, खोल हेलकावा यायचा आणि विरायचा. पाटे. ती त्यांना ओळखत होती, एकेकाला. तिला मोठ्याने गावंसं वाटलं, पण घशातून आवाज फुटला तो भलताच, आणि थोरली म्हणाली, काय झालं, लागलं का काही? आणि मग उतार आला. तो उतार नव्हे, दुसराच. पण तसाच लांबलचक, खाली दूरवर रस्ता दोरीसारखा पडलेला. तिची बोटं पांढरी झाली. डाव्या आरशात कड. उजव्या आरशात कड. अकरा वर्षांपूर्वीचा तो रिकामा क्षण उघडायला लागला, झाडं फिरण्याआधीचा. एक ट्रक शेजारून घोंगावत गेला, हवेचा धक्का बसला, डबा किंचित डोलला. तिने पाय उचलला. धरून ठेवलं. एक. दोन. डबा सरळ झाला, आपला आपणच, आणि मागे मागे येत राहिला. थोरलीने श्वास सोडलेला तिने ऐकला.

"हाताच्या फोटोला श्वास धरत नाहीत," ती म्हणाली.

"गप गं. पुढे बघ."

पन्नास किलोमीटर झाल्यावर त्या थांबल्या. नवे नट तेवढ्या अंतराने पुन्हा आवळावे लागतात. पाटे एकमेकांवर बसतात आणि जरा सैल होतात. रस्त्याच्या कडेला मोकळी जागा, दोन-तीन झाडं, ऊन. धाकटीने डाव्या अंगाचे चारही नट तपासले. दोन हलले, पाव फेरा. टक्. टक्. ती उठली तर थोरली डब्याच्या पलीकडे फोन हातात घेऊन उभी होती.

"आज नाही सांगितलं तर अजून अकरा वर्षं जातील," थोरली म्हणाली. "तू तुझ्याला लाव. मी माझ्याला लावते. एकदमच. नाहीतर आपल्यातली एक पाय मागे घेईल."

डब्याच्या अल्याड ती, पल्याड थोरली. खिडक्यांच्या काचांतून थोरलीचं पांढरं डोकं दिसत होतं, हलणारं. घंटी वाजत होती. नवरा म्हणाला, "हां. सुटलीस का?"

तिने सांगितलं. आधी नीट सांगणार होती, पण ते सगळं उलटसुलट आलं, पाटा आधी, मग नदी, मग जादा पाळी खोटी होती ते, मग लिंबाचं झाड. ती थांबली. झाडावरून एक पान खाली आलं आणि डब्याच्या टपावर पडलं.

"किती गोटे?" त्याने विचारलं.

"अठरा."

"केवढे?"

"नारळाएवढे. काही जरा लहान."

"साठ किलो धर. आणि मी कागदावर मागे चाळीसच किलो लिहिले होते."

"वहिनींचं मशीनसुद्धा होतं. शिवणाचं, बिडाचं. कपाटात."

"नुसतं डोकं की स्टँडसकट?"

"नुसतं डोकं. पण ऐक, पाटा आधीच चिरलेला होता. चीर जुनी होती. तो तुकडा माझ्याकडे आहे, मी तुला दाखवते. तुझं वजन बरोबर होतं. त्यांचं चालवणं पण... निदान, कुणालाच सांगता येणार नाही की..."

"ठेव," तो म्हणाला.

"काय?"

"फोन ठेव जरा."

तिने फोन कानापासून काढला आणि त्याच्याकडे बघत राहिली. रागावला होता? आवाज रागाचा नव्हता. कुठला होता ते कळेना, तिने तो आवाज फार दिवसांत ऐकला नव्हता. थोरली डब्याला वळसा घालून आली. तिच्या गालांवर लाल डाग होते. "बोललेच नाहीत काही," ती म्हणाली. "फक्त विचारलं, त्याचा नंबर तोच आहे का जुना. म्हटलं मला काय माहीत! म्हटलं धाकटीला विचारते. तर फोन ठेवून दिला. तोच आहे का?"

"तोच आहे."

"मग सांगते त्यांना." थोरलीने नंबर लावला, कानाला धरला, भुवया वर केल्या. "लागत नाही. बिझी."

धाकटीने आपला लावला. समोरची व्यक्ती दुसऱ्या कॉलवर आहे. तिने तो थोरलीपुढे धरला. त्या दोघी रस्त्याकडेला उभ्या राहून आळीपाळीने नंबर लावत होत्या, एक हिचा, एक तिचा. बिझी. पाच मिनिटं. बिझी. दहा.

"भांडत असतील दोघं," थोरली म्हणाली.

"असतील."

थोरलीने फोन खिशात टाकला आणि चांगल्या हाताने लांब पाना उचलून तिच्या हातात दिला. "लागू दे त्यांना किती वेळ लागायचा तो. उजवी बाजू राहिलीय अजून."

धाकटी उताणी होऊन आत सरकली.